बिनतोंडाचा मुकादम

शनिवारी रात्री काही केल्या झोप येईना म्हणून ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश सायन्स फिक्शन सीरियलचा एक जुना एपिसोड परत लावला. ‘कर्ब्लॅम!’ नावाचा, नोव्हेंबर २०१८ला आलेला, जोडी व्हिटेकर डॉक्टर असतानाचा. स्टोरी साधारण अशी की एका चंद्रावर अवाढव्य गोदाम आहे, तिथून अख्ख्या आकाशगंगेत पार्सलं जातात, बहुतेक सगळं काम रोबोच करतात, पण कायदाच आहे की १० टक्के कामगार तरी हाडामांसाची माणसं पाहिजेत, आणि त्या १० टक्क्यांत नंबर लागला म्हणून लोक कृतकृत्य असतात. डॉक्टरला एक पार्सल येतं आणि आतल्या पॅकिंग स्लिपच्या मागे लिहिलेलं असतं, मदत करा. मग डॉक्टर आणि तिचे साथीदार कामगार बनून तिथे घुसतात, त्यांच्या घोट्यावर पट्टे चढतात, आणि दोन माणसं जरा बोलत उभी राहिली की रोबो येऊन अगदी गोड आवाजात टोकतो.

तो गोड आवाज ऐकला आणि मी उठून बसले. पहिल्यांदा बघितला होता तेव्हा मला रोबोच लक्षात राहिले होते, ते कायम हसऱ्या चेहऱ्याचे, थोडे भीतीदायक. पण त्यानंतर मधे माझं एक वर्ष असं गेलं की हातात दुसरं काही नव्हतं म्हणून मी पाच महिने एका वेअरहाऊसमध्ये पिकर म्हणून काम केलं, आणि आता तोच एपिसोड बघताना मला रोबो दिसतच नव्हते. मी सारखी त्या घोट्यावरच्या पट्ट्याकडे बघत होते.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पिकर म्हणजे रॅकमधून वस्तू काढून आणणारा माणूस, बस. एका हातात स्कॅनर, दुसऱ्या हातानं ट्रॉली. स्क्रीनवर जागा येते, गल्ली अमुक, रॅक तमुक, वरून तिसरा कप्पा, आणि खाली एक पट्टी असते ती हळूहळू भरत जाते. ती पट्टी पूर्ण भरायच्या आत तुम्ही तिथे पोचून वस्तू स्कॅन केली पाहिजे. केली की बीप. लगेच पुढची जागा, पुढची पट्टी. मला पहिल्या दिवशी वाटलं की हे गेमसारखं आहे, मजा येतेय, आणि दुसऱ्या आठवड्यात घरी आल्यावर मायक्रोवेव्ह वाजला तरी मी दचकून पुढे काय म्हणून बघायचे.

तिथे रोबो नव्हता एकही. म्हणजे कुणाला सांगितलं की मी ऑटोमेशनमध्ये काम केलंय तर हसतील. कन्व्हेयर बेल्ट होता, तो तर आजोबांच्या काळापासून आहे. पण पाच महिन्यांत मला माझ्या सुपरवायझरनं काम सांगितलं असं एकदाही झालं नाही. कुठे जा, किती वेळात जा, कुठल्या वाटेनं जा, सगळं स्कॅनर सांगायचा. सुपरवायझर बिचारा भला माणूस होता, तो टॅबलेट घेऊन फिरायचा आणि ज्याचं नाव लाल झालंय त्याच्याजवळ येऊन कसनुसं हसत म्हणायचा, “काय ग, बरं नाहीये का?” त्यालाही त्या टॅबलेटनंच पाठवलेलं असायचं.

पहिल्या आठवड्यात मी अक्षरशः धावत होते, नवी विटी नवं राज्य. तर पॅकिंगला एक काका होते, पन्नाशीचे असतील, त्यांनी चहाच्या सुट्टीत मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “पोरी, धावू नकोस. आज जेवढी धावशील तेवढं उद्या तुझ्याकडून मोजून घेतील.” मला तेव्हा ते कामचुकारपणाचे धडे वाटले, खरं सांगते. महिन्याभरात कळलं की टार्गेट म्हणजे दगडावरची रेघ नसते, आपणच सगळे मिळून ते वर ढकलत असतो आणि मग त्याच्याच मागे धावत असतो. माणूस मुकादम असता तर त्याला दिसलं असतं की ही नवीन आहे, जोशात आहे, चार दिवसांनी गार पडेल. आकड्याला जोश दिसत नाही, आकड्याला आकडाच दिसतो.

हा मुकादम शब्द मला हल्ली फार आठवतो. कारण सायन्स फिक्शनवाल्यांनी टीव्हीवर साठ वर्षं जी भीती दाखवली ती मजुराची जागा यंत्र घेणार ही, आणि मुकादमाची जागा यंत्र घेणार हे जवळजवळ कुणाला दिसलंच नाही.

म्हणजे बघा ना. ‘ट्वायलाइट झोन’ या जुन्या अमेरिकन सीरियलमध्ये मे १९६४ला एक एपिसोड आला होता, ‘द ब्रेन सेंटर ॲट व्हिपल्स’. रॉड सर्लिंगनं स्वतः लिहिलेला. व्हिपल नावाचा कारखानदार एक मशीन आणतो ज्याच्यामुळे ६१ हजार नोकऱ्या जाणार असतात, आणि तो हे फिल्म लावून, एकदम खुशीत, फोरमनला दाखवतो. फोरमन चिडतो, दारू पिऊन येतो, मशीन फोडायला जातो, गोळी खातो. हे सगळं छान आहे, जुन्या पद्धतीचं भाषणबाज आहे पण छान आहे. शेवटी काय होतं, तर व्हिपललाच काढून टाकतात आणि त्याच्या खुर्चीवर रोबो बसतो, व्हिपलसारखीच बोटाभोवती चावीची साखळी फिरवत. म्हणजे ६१ हजार लोकांची नोकरी गेली ती प्रस्तावना, आणि मालकाची गेली तो क्लायमॅक्स!

‘स्टार ट्रेक’चं तेच. मार्च १९६८चा ‘द अल्टिमेट कॉम्प्युटर’. जहाजावर एम-५ नावाचा कॉम्प्युटर बसवतात, तो सगळं जहाज चालवणार, माणसं नकोतच. आणि आपण दुःखी कुणासाठी व्हायचं? कॅप्टन कर्कसाठी. त्याला एक जण ‘कॅप्टन डन्सेल’ म्हणून डिवचतो, डन्सेल म्हणजे ज्याचा काहीच उपयोग नाही असा पार्ट, आणि कर्कचा चेहरा पडतो. मला तो एपिसोड मनापासून आवडतो, कर्कचं ते हताश होणं खरंच भिडतं. पण त्या जहाजावर चारशेच्या वर लोक काम करत होते हो. त्यांना उतरवून वीस जण ठेवले, त्यातल्या एकाचाही चेहरा कॅमेऱ्यानं इतक्या जवळून दाखवला नाही. टीव्ही लिहिणाऱ्यांना कॅप्टनचं दुःख समजतं कारण ते स्वतः खुर्चीवर बसून डोकं चालवतात, त्यांना वाटतं यंत्र आलं की डोक्याच्या जागेवर येणार. (गंमत म्हणजे आता एआय आल्यावर ते अगदीच चुकले नव्हते असं दिसतंय, पण तो वेगळा विषय, त्यात शिरले तर हा लेख संपायचाच नाही.)

गोदामात प्रत्यक्षात झालं ते जरा उलटंपालटं. ॲमेझॉननं २०१२मध्ये किव्हा सिस्टीम्स नावाची कंपनी विकत घेतली, साडेसत्याहत्तर कोटी डॉलरला. किव्हाचे रोबो दिसायला एकदम फालतू, नारिंगी रंगाचं चपटं खोकं आणि खाली चाकं. ते रॅकच्या खाली शिरतात, अख्खा रॅक उचलतात आणि माणसापुढे आणून उभा करतात. म्हणजे पिकरची तंगडतोड वाचली. ऐकायला किती बरं वाटतं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या टाचांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण मग विचार केला की त्या चालण्यातच तर आमचा श्वास होता. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाताना जे वीस-पंचवीस सेकंद मिळायचे त्यात मान मोडून घ्यायची, समोरून येणारीला डोळ्यांनी विचारायचं की किती वाजले, मनात गाणं म्हणायचं. रॅकच चालत समोर येऊन उभा राहायला लागला की तेही गेलं, मग एका जागी उभं राहून नुसतं वळा, उचला, टाका, वळा, उचला, टाका. चालण्याचं काम यंत्राकडे गेलं आणि हाताचं काम माणसाकडेच राहिलं, फक्त दुप्पट वेगानं.

हाताचं का राहिलं, तर हात अवघड आहे म्हणून. हान्स मोराव्हेक नावाच्या रोबोवाल्या शास्त्रज्ञानं १९८८मध्येच लिहून ठेवलंय की बुद्धीच्या खेळात कॉम्प्युटरला मोठ्या माणसाइतकं तयार करणं त्या मानानं सोपं, पण वर्षाच्या पोराइतकं बघणं आणि हलणं त्याला शिकवणं महाकठीण. १९९७मध्ये डीप ब्लू नावाच्या कॉम्प्युटरनं जगज्जेत्या कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवलं. त्यानंतर तब्बल अठरा वर्षांनी, २०१५मध्ये, ॲमेझॉननं एक स्पर्धा भरवली, कप्प्यातून सांगितलेली वस्तू उचलून डब्यात टाकायची, बस एवढंच. २० मिनिटांत १२ वस्तू. जिंकली बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीची टीम, त्यांच्या रोबोनं १० उचलल्या, आणि त्याचा हात म्हणजे काय होता माहितीये? व्हॅक्यूम क्लीनरची नळी! सपाट दिसेल तिथे चिकटायचं आणि ओढायचं. मला हे इतकं आवडलं की मी पुढचे दोन दिवस घरात झाडूकडे वेगळ्या नजरेनं बघत होते.

आता परिस्थिती पुष्कळ बदललीय, २०२५मध्ये ॲमेझॉनचा दहा लाखावा रोबो कामाला लागला, स्पर्श कळणारा व्हल्कन नावाचा रोबोही त्यांनी आणलाय. पण तरी गोदामाचा कप्पा ही चीज तुम्ही एकदा हात घालून बघायला पाहिजे. एकाच कप्प्यात चार्जर, बाळाचे मोजे, शांपूची बाटली, कुठलंतरी पुस्तक आणि एक प्लॅस्टिकची चकचकीत पिशवी ज्यात काय आहे ते देवाला ठाऊक. सगळं मुद्दाम असंच भरतात, जिथे जागा मिळेल तिथे कोंबायचं, कारण कुठे काय आहे ते कॉम्प्युटरला पाठ असतं. मला एकदा रात्रपाळीत एक अगदी छोटी वस्तू हवी होती, चष्म्याच्या स्क्रूंची पुडी, आणि ती दिसेना. पट्टी भरत चाललेली. शेवटी डोळे मिटले आणि कप्प्याच्या मागच्या कोपऱ्यात बोटं फिरवली, कार्डबोर्ड, कार्डबोर्ड, कापड, आणि मग ती पुडी, दोन थरांच्या फटीत उभी अडकलेली, तिची दातेरी कड नखाला लागली. बीप! त्या पाच महिन्यांत मला स्वतःबद्दल खूप अभिमान वाटला असे प्रसंग फार थोडे, पण त्यातला हा एक आहे, आणि तो कुठल्याच रिपोर्टमध्ये नाही. रिपोर्टमध्ये एवढंच असेल की अमुक वस्तूला नेहमीपेक्षा अकरा सेकंद जास्त लागले.

तर ऑटोमेट काय झालं? बघणं. मोजणं. ओरडणं. २०१९मध्ये ॲमेझॉनच्या बाल्टिमोरच्या एका वेअरहाऊसची कागदपत्रं बाहेर आली होती, त्यात होतं की वर्षभरात साधारण ३०० जणांना कमी वेगासाठी काढलं, आणि वॉर्निंग काय किंवा नोकरीवरून काढायची नोटीस काय, ती सिस्टीम सुपरवायझरला न विचारता आपोआप काढू शकते. कंपनीचं म्हणणं असं की सुपरवायझरला ती रद्द करता येते. येत असेल. माझा तो कसनुसं हसणारा सुपरवायझर आठवला मला, त्यानं कितीदा रद्द केली असती?

मनगटात घालायच्या पट्ट्याचं ॲमेझॉनचं पेटंट पण आहे, २०१८मध्ये मंजूर झालेलं, हात चुकीच्या कप्प्याकडे गेला की थरथरून सांगणारा. पेटंट घेतलं म्हणजे वापरतातच असं नाही, हे मान्य. पण त्याच २०१८च्या शेवटी-शेवटी ‘कर्ब्लॅम!’ आला, घोट्यावरच्या पट्ट्यासकट, म्हणजे कल्पनेतलं गोदाम आणि पेटंट ऑफिस एकाच वर्षी एकाच गोष्टीवर येऊन पोचले. आणि सगळ्यात कहर म्हणजे १ जानेवारी २०२२पासून कॅलिफोर्नियात एक कायदा लागू झाला की गोदामातलं टार्गेट कामगाराला लेखी सांगितलंच पाहिजे, आणि टार्गेट असं नको की ते गाठायला जेवण किंवा बाथरूमची सुट्टी बुडेल. आकाशगंगा, लेझर, टेलिपोर्ट, सगळं सुचलं आपल्या लेखकांना. लघवीला जाता यावं म्हणून विधिमंडळात कायदा करावा लागेल असा एपिसोड कुणाला सुचला नाही हो.

असो. परत ‘कर्ब्लॅम!’कडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे. (ज्यांनी बघितला नाही आणि बघायचाय त्यांनी पुढचा परिच्छेद गाळा.)

तिथे कामगार गायब होत असतात. तुम्हाला वाटतं कंपनी काहीतरी करतेय. पण निघतो कोण, तर चार्ली नावाचा साफसफाई करणारा पोरगा. त्याला यंत्रांचा राग आहे, माणसांना काम मिळावं म्हणून तो पार्सलांच्या बबल रॅपमध्ये बॉम्ब भरतो, म्हणजे हजारो गिऱ्हाईकं मरतील आणि लोकांचा ऑटोमेशनवरचा विश्वास उडेल. आणि मदत मागणारी ती चिठ्ठी? ती कंपनीच्या सिस्टीमनंच पाठवलेली असते! म्हणजे गोदामात सगळ्यात असहाय कोण तर मुकादम. आणि हाच असहाय मुकादम चार्लीला धडा शिकवायला त्याला आवडणाऱ्या किरा नावाच्या पॅकरला भेट म्हणून एक खोका देतो, आत बबल रॅप, ती हौसेनं एक फुगा फोडते आणि मरते. शेवटी डॉक्टर म्हणते की सिस्टीम हा प्रॉब्लेम नाही, माणसं ती कशी वापरतात हा प्रॉब्लेम आहे. मी टीव्हीला हात जोडले. अगं बाई, सिस्टीमनं आत्ताच एका निरपराध मुलीला मारलं!

पण राग एकीकडे, मला त्या एपिसोडवर पूर्ण फुली मारता येत नाही. त्याचं कारणही किराच. ती पॅकिंग करताना सांगते की पार्सल उघडताना लोकांचे चेहरे कसे होत असतील ते डोळ्यापुढे आणत ती काम करते. पहिल्यांदा बघताना हे मला गुळमट वाटलं होतं. कंपनीच्या ट्रेनिंग व्हिडिओत शोभेल असलं वाक्य. नंतर स्वतः गोदामात काम केल्यावर कळलं की हे वाक्य कंपनीनं शिकवलेलं नसतं, ते माणूस स्वतःच शोधतो, कारण रात्री तीन वाजता चारशेवा खोका बंद करताना डोक्यात काहीतरी असावं लागतं. खोक्याच्या पलीकडे कुणीतरी आहे एवढं तरी.

पलीकडे कुणीच नसेल तर काय, यावरही एक एपिसोड आहे, सायन्स फिक्शन लेखक फिलिप के. डिकच्या १९५५च्या ‘ऑटोफॅक’ कथेवरचा, ‘इलेक्ट्रिक ड्रीम्स’ सीरीजमधला. युद्धात जग बेचिराख झालंय, पण ऑटोमॅटिक फॅक्टरी चालूच आहे, माल बनवतेय, ड्रोननं आणून टाकतेय, कुणाला नको असला तरी. तो बघणाऱ्यांनी बघावा, शेवट फोडत नाही, एवढंच सांगते की त्या फॅक्टरीला कामगार लागत नाही, गिऱ्हाईक मात्र लागतं. अमेरिकेत तो दाखवला कुणी, तर ॲमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओनं. आता बोला.

आणि ‘ब्लॅक मिरर’ सीरीजचा ‘मेटलहेड’, २०१७चा, ब्लॅक अँड व्हाइट. सगळं जग उजाड, तीन माणसं जीव मुठीत धरून एका बंद पडलेल्या गोदामात शिरतात, एक खोका शोधतात, आणि खोक्यामागून राखणीचा रोबो-कुत्रा निघतो. पुढे जवळजवळ शेवटपर्यंत नुसता पाठलाग. इथे कंपनी नाही, कामगार नाही, मालक नाही, गिऱ्हाईकसुद्धा नाही, फक्त राखण उरलीय, कारण थांब म्हणून सांगणारं कुणी राहिलं नाही. मला या सगळ्यांत हाच सगळ्यात खरा वाटला, विचित्र आहे पण आहे. त्या कुत्र्याला तोंड नाही. डोळेही नाहीत धड. नुसतं हुडकत राहणं. शेवटी कॅमेरा गोदामात परत जातो आणि त्या फुटलेल्या खोक्यात काय होतं ते दाखवतो, टेडी बेअर. मी वेअरहाऊस सोडल्यावर बघितला हा, आणि सगळे लोक त्या टेडी बेअरवर रडले असतील तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की एवढ्या वर्षांनीसुद्धा खोका बरोब्बर त्याच्या जागेवर होता.

मी ते काम सोडलं ते काही बंड वगैरे करून नाही. दुसरं मिळालं, मनगट दुखायला लागलं होतं, सोडलं. शेवटच्या दिवशी स्कॅनर चार्जिंगच्या खाचेत ठेवला, तो बीप झाला, मी वळून पाहिलं, सवयीनं. काकांना भेटायला पॅकिंगला गेले तर ते हात न थांबवता म्हणाले, “आलीस होय. हे बघ, तुला एक दाखवायचं राहिलंच.” आणि खोक्यावर टेप ओढून तोडली आणि टेपचं शेवटचं टोक बोटभर आत दुमडलं, चिकटबाजूला चिकटबाजू. एक छोटीशी शेपटी तयार झाली. म्हणाले, उघडणाऱ्याला कात्री लागत नाही, ही धरून ओढली की झालं. मी विचारलं, याला वेळ जात नाही का, रेटमध्ये धरत नाहीत का? तर म्हणाले, “अर्धा सेकंद जातो. तो माझा.”

तेव्हापासून घरी कुठलंही पार्सल आलं की मी आधी टेपचं टोक बघते. शंभरातली नव्याण्णव सरळ कापलेली असतात, बऱ्याच ठिकाणी तर टेपही मशीनच लावतं. रविवारी सकाळी, तो एपिसोड रात्री अडीचपर्यंत बघून डोळे चुरचुरत असताना बेल वाजली, दारात खोका, आणि टेपला बोटभर शेपटी. जरा वाकडी दुमडलेली, घाईत केलेली असणार. मी आधी पॅकिंग स्लिप काढून उलटी करून बघितली, आता काय सांगू तुम्हाला, बघितली मी खरंच. मागे काही नव्हतं. आत मोबाईलचं कव्हर होतं, ते पण चुकीच्या मॉडेलचं.